दाखला नंतर, शाळा आधी

जून उजाडला, की गावोगावच्या शाळांत पालक नाव घालायला येऊ लागतात. त्यांत एखादी आई सात वर्षांचे मूल कडेवर घेऊन आलेली असते. मुलाचे पाय लुळे असतात, किंवा ते हाकेला ओ देत नाही, किंवा वस्तू डोळ्यांपाशी नेल्याशिवाय त्याला ती दिसत नाही. मग शाळेत विचारणा होते, "दाखला आहे का?" आई जन्माचा दाखला पुढे करते. "हा नव्हे, अपंगत्वाचा. तो आधी काढून आणा, मग बघू."

जामसर आणि आसपासच्या पाड्यांवरून हे "आधी काढून आणा" म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. गाडी धरून जव्हार गाठायचे. तपासणारे डॉक्टर त्या दिवशी भेटले तर ठीक, नाहीतर दुसरी खेप. कानाचे, डोळ्याचे किंवा मेंदूचे तज्ज्ञ हवे असले तर आणखी लांब. प्रत्येक खेपेला दोघांची मजुरी बुडते. पावसाळ्यात ओहोळ भरले की जाणे-येणेच अवघड होते, आणि दिवाळी झाली की कुटुंब वीटभट्टीवर निघते. वर्ष गेलेच म्हणून समजा. अशी दोन वर्षे गेली की मूल नऊ वर्षांचे होते आणि मग "एवढे मोठे पोर पहिलीत कुठे बसवायचे?" हा नवाच प्रश्न उभा राहतो.

विचारणाऱ्या गुरुजींच्या मनात खोट असते असे नाही. बहुतेकांची समजूतच तशी असते, आणि पालकांचीही. म्हणून आज आजार आणि औषध थोडे बाजूला ठेवून कायद्याविषयी लिहीत आहे. जवळच्या सरकारी शाळेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत नाव घालण्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागत नाही. दाखला फार उपयोगाचा आहे आणि तो काढलाच पाहिजे, पण तो प्रवेशाची किल्ली नव्हे.

कायदे कोणते?

आपल्याकडे अपंगांसाठी पहिला सर्वंकष कायदा १९९५ साली झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. पुढे २००९ साली मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आला. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क मिळाला. या कायद्यात अपंग मुलांचा विचार प्रथम तोकडा होता. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना 'वंचित गटातील बालक' म्हणून स्पष्ट स्थान दिले. त्यानंतर १९९५ चा कायदा मोडीत काढून दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ करण्यात आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि आज तोच चालतो. त्यात सातांचे एकवीस प्रकार झाले. 'अपंग' हा शब्द जाऊन सरकारी कागदावर 'दिव्यांग' आला. शब्दाबद्दल मते वेगवेगळी आहेत. पाड्यावरच्या आईला शब्दापेक्षा मुलाच्या बसण्याची जागा महत्त्वाची असते, तेव्हा त्या वादात आपण शिरू नये.

जगातही ही गोष्ट फार जुनी नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात सरकारी शाळांनी अपंग मुलांना शिकवलेच पाहिजे असा देशव्यापी कायदा १९७५ साली झाला. संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार २००६ सालचा आहे. भारताने तो २००७ साली मान्य केला आणि २०१६ चा आपला कायदा त्याच करारातून निघाला.

कायदा आहे म्हणजे काम झाले असे मात्र नाही. २०११ च्या जनगणनेत पाच ते एकोणीस वयाच्या अपंग मुलांपैकी सुमारे ६१ टक्केच मुले शिक्षणसंस्थेत जात होती, आणि सुमारे २७ टक्के मुलांनी शाळेचा उंबरा कधीच ओलांडला नव्हता. हे साऱ्या देशाचे आकडे आहेत. डोंगराळ तालुक्यांत काय असेल याचा अंदाज वाचकांनी करावा.

चाळीस टक्क्यांची गैरसमजूत

साऱ्या घोटाळ्याचे मूळ टक्क्यांत आहे. २०१६ च्या कायद्यात दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि लोक त्या एक समजतात.

पहिली पायरी कलम १६ ची. सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा सरकारची मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इतर मुलांबरोबर शिकवावे आणि खेळात घ्यावे. इमारत, आवार आणि संडास त्याला वापरता येतील असे करावेत. त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी आणि त्याची प्रगती पाहत राहावे. या कलमात टक्क्यांचा उल्लेख नाही. दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा इंद्रियांची उणीव आणि भोवतालचे अडथळे यांमुळे ज्याला इतरांच्या बरोबरीने भाग घेता येत नाही, तो या कायद्याने दिव्यांग होय.

दुसरी पायरी ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असल्याचा दाखला मिळालेल्यांसाठी आहे. कलम ३१ प्रमाणे अशा मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळते. हे 'अठरा' लक्षात ठेवण्यासारखे आहे. शिक्षणहक्काचा कायदा चौदाला थांबतो, हा नववी ते बारावीही धरतो. कलम १७ प्रमाणे अशा मुलाला पुस्तके, शैक्षणिक साहित्य आणि लागणारी साधने अठरा वर्षांपर्यंत मोफत द्यायची आहेत. पुढे सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणात पाच टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सूट आहे. या सगळ्याला दाखला लागतो. खाजगी शाळेतल्या २५ टक्के मोफत जागांमध्ये अपंग म्हणून अर्ज करायचा असेल तरीही लागतो.

एक उदाहरण घेऊ. ऐकू येणे डेसिबल या मापाने मोजतात. कायद्याच्या परिशिष्टात दोन्ही कानांनी ६० ते ७० डेसिबल तूट असलेल्यास 'कमी ऐकू येणारा' म्हटले आहे आणि ७० डेसिबल तूट असलेल्यास बहिरा. आता एखाद्या मुलीची तूट ४५ आहे. तिला बहुधा दाखला मिळणार नाही. पण श्रावणातला पाऊस पत्र्यावर कोसळत असताना शेवटच्या ओळीत बसलेल्या या मुलीला बाईंचा एक शब्द तरी ऐकू येईल काय? तिला पहिल्या ओळीत बसवणे, बोलताना तिच्याकडे तोंड करणे, सांगितलेले फळ्यावर लिहिणे याला पैसा लागत नाही आणि त्यासाठी टक्क्यांची वाट पाहण्याचेही कारण नाही.

वाजवी सोय म्हणजे काय?

ज्या बदलाशिवाय मुलाला शिकता येत नाही आणि जो करताना शाळेवर भलताच बोजा पडत नाही, तो बदल म्हणजे वाजवी सोय. ती नाकारणे हाही कायद्याने भेदभावच. प्रत्येक मुलाची सोय वेगळी असते आणि ती ठरवताना आईबापांना विचारले तर बहुतेक वेळा सोपा उपाय निघतो.

कमी दिसणाऱ्या मुलाला फळ्याजवळची, उजेड पाठीमागून येईल अशी जागा द्यावी. मोठी ठळक अक्षरे आणि काळी शाई त्याला बरी पडते. (इथे एक पोटगोष्ट. 'ढ' म्हणून मागे बसवलेल्या कित्येक मुलांना केवळ चष्मा हवा असतो. चष्म्याने नजर पूर्ण सुधारली तर ते अपंगत्व नव्हेच. तेव्हा आधी डोळे तपासा.) जन्मताना उशिरा रडलेल्या किंवा फार कमी वजनाच्या काही मुलांना पुढे मेंदूचा पक्षाघात होतो. हातपाय ताठ राहतात, बोलणे अडखळते, लाळ गळते. पाहणाऱ्याला वाटते, याला काही कळत नाही. यातल्या पुष्कळ मुलांची बुद्धी चांगली असते. त्यांना हवा असतो पाठीला आधार देणारा बाक, जाड पेन्सिल आणि उत्तरासाठी थोडा जास्त वेळ.

उताराबद्दल मात्र जरा रागाने लिहावेसे वाटते. शाळेला उतार हवा असे नियम सांगतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी सिमेंटची घसरगुंडी घालून ठेवलेली दिसते. उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते. म्हणजे ओटा दीड फूट उंच असेल तर उतार अठरा फूट लांब हवा आणि त्याला धरायला कठडा हवा. पाच-सहा फुटांत आटोपलेल्या उतारावरून चाकाची खुर्ची वर जात नाही आणि खाली येताना मूल तोंडावर पडते. संडासाचेही तेच. दार तीन फूट रुंद नसेल तर खुर्ची आत जात नाही. सातवी-आठवीत गेलेल्या अपंग मुली शाळा सोडतात तेव्हा 'घरचे पाठवत नाहीत' असे लिहिले जाते. त्या मुलीने दिवसभर पाणी न पिता काढलेले असते, ते कोणी लिहीत नाही.

सिकल सेलचे मूल

एकवीस प्रकारांच्या यादीत सिकल सेल आजार आहे, हे आपल्या भागात फार थोड्यांना ठाऊक असते. १९९५ च्या कायद्यात तो नव्हता. आदिवासी समाजात या आजाराचे प्रमाण जास्त आहे. तेव्हा वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या वस्तीत राहणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा.

यात रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहण्याऐवजी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि त्या ठिकाणी असह्य कळा येतात. आई आणि वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक इतकी शक्यता मुलाला आजार होण्याची असते. नुसत्या वाहकाला सहसा त्रास होत नाही आणि तो दिव्यांगही नव्हे. वाहक आणि रुग्ण यांची गल्लत करून मुलाला उगाच आजारी ठरवू नये.

हे मूल दिसायला धडधाकट असते, आणि तीच त्याची अडचण. ते महिन्यातून चार दिवस शाळेत येत नाही, धावायला सांगितले की बसते, रंगाने फिके दिसते. शाळेत त्याला कामचुकार म्हणतात. त्याच्यासाठी वाजवी सोय साधी आहे. पाण्याची बाटली वर्गात जवळ ठेवू द्यावी, कारण अंगातले पाणी कमी झाले की कळा सुरू होतात. त्याचे मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही, म्हणून लघवीला वारंवार जावे लागते. तेव्हा अडवू नये. आश्रमशाळेत अंथरूण ओले केले म्हणून तर मुळीच बोलू नये. जव्हार-मोखाड्याच्या थंडीत पहाटे गार पाण्याची आंघोळ या मुलाला घालू नये आणि त्याला स्वेटर द्यावा. दमवणाऱ्या शर्यती आणि उन्हातली कवायत यांतून सूट द्यावी, पण सरसकट खेळच बंद करू नये. दुखण्यामुळे बुडालेला अभ्यास भरून द्यावा आणि गैरहजेरी दाखवून नाव कमी करू नये. ताप चढला, छातीत दुखून धाप लागली, अंगाची एक बाजू लुळी पडली किंवा मूल एकाएकी पांढरेफटक झाले तर पालकांची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे.

तपासणी मोफत होते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकल सेल निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू केली असून ४० वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी हा तिचा भाग आहे. जामसरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करावी. हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतल्यास कळांचे हल्ले कमी होतात.

वाचता येत नाही, म्हणून?

वाचन, लेखन किंवा गणित यांतलीच अडचण असलेली मुले असतात. त्यांची बुद्धी सामान्य असते, पण अक्षरे जुळत नाहीत. महाराष्ट्राने १९९६ पासून अशा मुलांना दहावीला सवलती दिल्या. तेव्हा केंद्राच्या कायद्यात हा प्रकार नव्हताही. २०१६ च्या कायद्याने त्याला यादीत घेतले आणि ही अडचण लवकरात लवकर ओळखण्याचे काम शाळेवर टाकले.

आपल्याकडे मात्र इथे सांभाळून चालावे लागते. घरी वारली, कोकणा किंवा कातकरी बोली बोलणारे मूल पहिलीत छापील मराठीसमोर बसते. ते अडखळले तर तो भाषेचा प्रश्न असतो, मेंदूचा नव्हे. दोन वर्षे त्याच्या बोलीचा आधार घेऊन नीट शिकवल्यावरही बरोबरीच्या मुलांना येते ते याला येत नसेल, तर तपासणीचा विचार करावा. त्याआधी कान आणि डोळे तपासावेत. घाईने चिकटवलेली चिठ्ठी मुलाच्या कपाळावरून लवकर निघत नाही.

पटावर आहे, शाळेत नाही

आणखी एक प्रकार घडतो आणि तो नकारापेक्षा वाईट. मुलाचे नाव शाळेत घातले जाते, हजेरीपट भरतो, आणि आईला सांगितले जाते, "त्याला कशाला त्रास? घरीच असू दे. गुरुजी येऊन शिकवतील." घरी शिकण्याची तरतूद २०१२ च्या दुरुस्तीत आहे, पण ती तीव्र किंवा एकाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी, आणि त्यांची इच्छा असेल तर. तो मुलाचा हक्क आहे, शाळेची सुटका नव्हे. एका पायाने लंगडणाऱ्या किंवा न बोलणाऱ्या मुलाला ती लावता येत नाही. ज्याला खरोखर घरीच शिकवायचे, त्याच्याकडे विशेष शिक्षक ठरल्या दिवशी आले पाहिजेत आणि काय शिकवले त्याची नोंद झाली पाहिजे.

विशेष शिक्षक कमी आहेत, ही गोष्ट खरी. एक जण अनेक शाळा फिरतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रमाण ठरवून दिले: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यावरच्या वर्गांना पंधरांमागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पदे मंजूर करून भरण्यास पुन्हा बजावले. शाळेत मूल आणून बसवले तरच ते मोजले जाते आणि मोजले तर पद मागता येते, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे.

नऊ वर्षांच्या मुलाचे काय, हा प्रश्न राहिला. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे उशिरा आलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे आणि बरोबरीला येण्यासाठी वेगळे शिकवायचे असते. 'वय झाले' हे प्रवेश नाकारण्याचे कारण होत नाही.

दाखला कसा काढावा?

नाव घातल्यावर दाखल्याच्या मागे लागावे. पहिला टप्पा बहुधा शाळेतच होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत मुले तपासायला येते. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतील उशीर ते पाहते, आणि पुढचे उपचार, अगदी शस्त्रक्रियासुद्धा, मोफत करून देण्याची सोय आहे. या देशव्यापी कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरलाच झाला होता. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. नेमके अपंग मूलच "उगाच पाहुण्यांसमोर नको" म्हणून घरी राहते, असा अनुभव आहे.

दाखल्याचा अर्ज 'स्वावलंबन' या सरकारी संकेतस्थळावर करायचा असतो. जून २०२१ पासून दाखला त्याच मार्गाने मिळतो. आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. नंतर नेमलेल्या रुग्णालयात तपासणी होते आणि देशभर चालणारे ओळखपत्र मिळते. तपासणीचे वार जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात विचारून मगच निघावे. टक्के कमी लागले असे वाटल्यास अपील करता येते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ग्रामसभेत तिचा हिशेब विचारण्यास हरकत नाही.

परीक्षेसाठी दाखल्याचा मोठा उपयोग होतो. लेखनिक, तासामागे वीस मिनिटे जादा, काही भाषा विषयांतून सूट अशा सवलती बोर्डाच्या परीक्षेत आहेत. त्या शाळेमार्फत मागायच्या असतात, म्हणून नववीतच कागद तयार ठेवावेत. मात्र इथेही ४० टक्क्यांची भिंत पूर्वीसारखी राहिलेली नाही. विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल दिला, की लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला ४० टक्के भरत नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्या, पण लिहिण्याची अडचण असलेल्या उमेदवारांसाठी स्पर्धा परीक्षांचे नियम काढले. त्याआधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, अवनी प्रकाश या विद्यार्थिनीचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. तिला लेखनाची अडचण होती आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत जादा तास दिला गेला नव्हता. फेरपरीक्षा मिळाली नाही, पण तिच्यावर झालेला अन्याय दूर करण्यासाठी काय करता येईल ते ठरवा, असे परीक्षा घेणाऱ्या संस्थेला न्यायालयाने सांगितले.

नाही म्हटले तर?

तोंडी नकाराशी भांडत बसू नये. साध्या कागदावर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहावा. मुलाचे नाव व वय, त्याची अडचण काय आणि त्यासाठी नेमके काय हवे, एवढे पुरे. "माझ्या मुलीला डाव्या कानाने कमी ऐकू येते, तिला पुढे डावीकडे बसवावे" असे नेमके लिहिले, की काम होण्याची शक्यता वाढते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेची पोच घ्यावी. लिहिता येत नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्याची मदत घ्यावी. त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.

उपयोग झाला नाही तर पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी, आणि आश्रमशाळा असेल तर जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे प्रकल्प अधिकारी. शिक्षणहक्क कायद्याखाली केलेल्या तक्रारीचा निकाल स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि वर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे. २०१६ च्या कायद्याखाली पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे पोस्टानेही तक्रार धाडता येते. चौकशी करताना त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. कायदा मोडल्याबद्दल पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा मोडल्यास पन्नास हजार ते पाच लाख. लोकांदेखत अपंग व्यक्तीचा मुद्दाम पाणउतारा करणे हा तर सहा महिने ते पाच वर्षे कैदेचा गुन्हा आहे. 'लंगड्या', 'मुक्या' अशा हाका मारण्याची सवय असलेल्यांनी हे वाचून ठेवावे. वकील करण्यास पैसे नसले तरी तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मदत मिळते. मुले, स्त्रिया, अनुसूचित जमातीचे लोक आणि अपंग हे सारेच तिला पात्र आहेत.

एवढ्या पायऱ्या चढण्याची वेळ सहसा येत नाही. पोच घेतलेल्या अर्जानंतर बरीच दारे उघडतात, आणि पुष्कळ गुरुजींना त्यांनी काय करावे हे कोणी सांगितलेलेच नसते.

दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी एक सूचना. मुलाला तिथल्या शाळेत बसवण्याचा हक्क कायम राहतो आणि जुन्या शाळेचा सोडल्याचा दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. जाताना दिव्यांग ओळखपत्राची झेरॉक्स, अर्जाची पोच आणि तपासणीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यावेत. मूल सिकल सेलचे असेल तर निघण्याआधी आरोग्य केंद्रातून पुरेशी औषधे मागून घ्यावीत आणि भट्टीजवळचा सरकारी दवाखाना कुठे आहे ते मुकादमाला आधीच विचारून ठेवावे.